राबायचं सभेनं, ठरवायचं फादरनं?

शिवाजी पार्कहून चालत पोर्तुगीज चर्चला जाणाऱ्या कॅथलिक बंधू-भगिनींना सवाल आहे. गरिबाच्या घरी मदत घेऊन जातं कोण? सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे प्रापंचिक. १८३३ मध्ये पॅरिसला ती ओझानाम या विद्यार्थ्याने सोबत्यांसह उभी केली, धर्मगुरूंनी नव्हे. पण पॅरिशचा निर्णय? १९८३ च्या चर्च कायद्याचं कलम ५३६ म्हणतं, पॅरिश कौन्सिलचं मत फक्त सल्ल्यापुरतं. घाम तुमचा, सही फादरची!

चर्च म्हणजे लोकशाही नव्हे, असं ऐकवतात. धर्मात प्रापंचिकाने ठरवायचंच नाही का? बाबासाहेब भिक्खू नव्हते. तरी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा त्यांनीच दिली. (आपल्या विहार कमिट्यांत बायकांना किती विचारतात, तेही बोलू कधीतरी.) बॉम्बे कॅथलिक सभेने आता पॅरिशच्या पैशावर आणि जमिनीवर मताचा हक्क मागावा.