आराम पडतो, रोग दडतो

पावसाळा लागला की जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली खाज सुटते. न वाळलेले कपडे, लोकलमधील गर्दी, दिवसभराचा घाम. कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. तथापि आपल्यातील बहुसंख्य लोक यासाठी डॉक्टरकडे जात नाहीत. खाजेची जागाच संकोच वाटावा अशी, शिवाय कारकुनाला त्यापायी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. तो कोपऱ्यावरील औषधांच्या दुकानात हलक्या आवाजात तक्रार सांगतो आणि एक ट्यूब घेऊन परततो. दोन दिवसांत खाज थांबते. मलम गुणकारी निघाले असा त्याचा ग्रह होतो व शेजाऱ्यालाही तो तेच सुचवितो.

हा ग्रहच घातक आहे. अशा अनेक ट्यूबांत बुरशीनाशक व जंतुनाशक द्रव्यांच्या जोडीला क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन यांसारखे तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. एक्झिमासारख्या विकारात डॉक्टरच्या देखरेखीखाली ते योग्यच. परंतु गजकर्णावर ते केवळ दाह दडपते. लाली ओसरते, खाज शमते आणि ज्या बुरशीमुळे ती सुटली, ती मात्र निर्धास्तपणे पसरत राहते. कडा उठून दिसणारा वाटोळा चट्टा पुसट झाल्याने पुढे डॉक्टरलाही निदान अवघड जाते. मलम थांबविले की खाज उसळते, माणूस पुन्हा तेच चोळतो. महिने लोटतात, कातडी पातळ होते, जांघेत ताणाचे कायमचे वळ उमटतात. गोरे होण्याच्या आशेने असे मलम चेहऱ्याला लावणाऱ्या मुलींची गत याहून केविलवाणी. चेहरा लाल होतो, ऊन सोसवत नाही आणि मलम सोडताच आग अधिकच भडकते.

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाची १४ स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. पण चिठ्ठी मागतो कोण? इशारा ट्यूबवर छापलेला असतो, परंतु इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के दर्शनी भाग इशाऱ्याने व्यापावा, असा नियम ज्या देशात २०१६ पासून अमलात आहे, तेथे मलमाच्या खोक्यावर मराठीत ठळक चार शब्द छापणे अशक्य का असावे?

तोवर ग्राहकाने साधेपणाची कास धरावी हे बरे. कोरड्या, चुरचुरणाऱ्या त्वचेला बिनवासाचे पेट्रोलियम जेली पुरते. घामोळ्यांना कॅलामाइन लोशन चालते. त्यातील झिंक ऑक्साइडमध्ये किंचित लोहभस्म असते म्हणून ते गुलाबी दिसते. याने गजकर्ण बरे होत नाही खरे, पण ते झाकलेही जात नाही. सुगंधी लोशनांपासून मात्र नाजूक त्वचेने दूरच राहावे. सुगंधी द्रव्ये हे त्वचेच्या अ‍ॅलर्जीचे एक नित्याचे कारण आहे आणि ‘हर्बल’ या शब्दाने त्यात फरक पडत नाही.

ज्यांच्या घरी अशी स्टेरॉइडची ट्यूब महिनोन्‌महिने वापरात आहे, त्यांनी ती सोबत घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. नुसता चट्टा पाहून जे उमगत नाही, ते पुष्कळदा ट्यूब पाहून उमगते.