कळसूबाईपेक्षा ठेंगणे, पण…

ग्लासगोत शिकणाऱ्या भाच्याने परवा फोनवर विचारले, ‘मामा, आम्ही मित्र स्कॉटलंडच्या हायलँड्समधली एक डोंगरधार चालणार आहोत. उंचीवर होणाऱ्या त्रासाच्या गोळ्या लागतील का?’ मी म्हटले, अजिबात नाही. तिथले सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटरचे. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. हे ऐकून तो निर्धास्त झाला आणि धास्ती मला वाटू लागली.

तिथला शत्रू विरळ हवा नव्हे, ओला वारा आहे. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यात अटलांटिकवरून येणारा पाऊस. ओले कपडे अंगातली ऊब भराभर ओढून घेतात. सुती टी-शर्ट आणि जीन्स त्यात सर्वांत वाईट. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. पाच-सहा अंश, पाऊस, वारा आणि रिकामे पोट एवढे पुरते.

यात आधी बिघडतो तो मेंदू. माणूस चिडचिडा होतो, जीभ जड होते, जॅकेटची चेन लावता येत नाही, पाय अडखळतात. आणि विचारले तर म्हणतो, ‘मी ठीक आहे, चला पुढे.’ नंतर थरथर थांबते; सोबत्यांना वाटते, बरे वाटू लागले. प्रत्यक्षात ती धोक्याची खूण असते. (उबेसाठी व्हिस्की हा तर शुद्ध अडाणीपणा. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते आणि उष्णता बाहेर जाते.)

म्हणून माझा आग्रह असा, की परत फिरायचा निर्णय धारेवर घ्यायचाच नाही. तो घरी, कोरड्या कपड्यांत, चहा पिताना घ्यावा. ‘दोन वाजेपर्यंत अमुक खिंडीत पोहोचलो नाही, तर तिथूनच खाली’ असे कागदावर लिहावे आणि त्याची एक प्रत मागे राहणाऱ्या माणसाकडे द्यावी. धारेवरून मध्येच उतरता येईल अशा जागा नकाशावर आधीच शोधाव्यात, कारण काही धारांवर त्या जवळजवळ नसतातच.

वेळेचा अंदाज बांधायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशेब अजून चालतो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. वीस किलोमीटर चाल, १,२०० मीटर चढ, म्हणजे सहा तास. यात विश्रांती नाही, वारा नाही, धुके नाही. डिसेंबरात तिथे दिवसच साडेसहा तासांच्या आसपास असतो.

फिशरफील्डसारख्या दुर्गम भागात आणखी एक पेच. शेनव्हॉलच्या निवाऱ्यातून निघालेल्यांना धारेवर चढण्याआधी नद्या पायीच ओलांडाव्या लागतात. सकाळी गुडघाभर असलेले पाणी दिवसभराच्या पावसानंतर संध्याकाळी ओलांडता येईलच असे नाही. मग रात्र पलीकडेच काढायची. त्यासाठी जादा खाणे, कोरडे कपडे आणि वारा अडवणारी पिशवी पाठीवर हवी. मोबाइलला रेंज असेलच असे धरू नये. शिट्टी मात्र हवीच. मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचे, पुन्हा वाजवायची. हा तिथला मदतीचा संकेत.

काल भाच्याचा आराखडा आला. शिखरांची नावे, मुक्काम, फोटो कुठे काढायचे हेही त्यात आहे. परत फिरायची वेळ नाही. मी तो तसाच परत पाठवला आहे.