नाही म्हणायला हरकत नाही, पण...

एप्रिलमधला एक शुक्रवार. रात्री साडेनऊला मेव्हण्याचा फोन. "दाजी, जेवलात का?"

मेव्हणा जेवणाची चौकशी करतो म्हणजे कॉम्प्युटर बिघडलाय, हे आता आमच्या बायकोलाही कळतं. तिने न बोलता माझ्यापुढे लॅपटॉपचा चार्जर आणून ठेवला.

मेव्हणा सर्व्हेची कामं घेतो. तेव्हा तो नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या वरच्या अंगाला सातपुड्यात एका रस्त्याची मोजणी करत होता. दिवसभर पॉइंट घ्यायचे, संध्याकाळी फाइल ऑफिसला पाठवायची. त्यांनी तपासून हो म्हटलं की मग दुसऱ्या दिवशीचं काम. फाइल गेली नाही तर पुढचा दिवस बुडाला, आणि बुडालेल्या दिवसाची दोन माणसांची मजुरी आणि जीपचं भाडं याच्या खिशातून. म्हणून साठवलेले पैसे मोडून त्याने एक सेकंडहँड दणकट लॅपटॉप घेतला होता. परदेशात वापरून झालेला, चार किलोचा, पाहिल्यावर लोखंडी ट्रंकेची आठवण व्हावी असा. त्यातच सिम घालायची सोय, म्हणजे मोबाइल ब्रॉडबँड कार्ड.

"मोबाइलचा हॉटस्पॉट आहे की!" असं तुम्ही म्हणणार. मीही म्हटलं होतं. पण त्या उन्हात मोबाइल तापून दुपारीच मान टाकतो, आणि त्याच मोबाइलवर साइटचे फोटो, ऑफिसचे फोन आणि जीपवाल्याचे फोन. तेव्हा नेटची सोय लॅपटॉपमध्येच असावी, हा त्याचा हिशोब बरोबर होता.

लॅपटॉप रिकाम्या डिस्कचा आला. पुण्यात असताना मीच मोठ्या हौसेने त्यावर लिनक्स टाकून दिलं. नकाशांसाठी क्यूजीआयएस लागतं, ते फुकट मिळतं आणि लिनक्सवर मस्त चालतं. वायफाय लागलं, म्हटलं झालं काम. सिम घालून बघायचं मात्र राहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा.

"सिम दाखवतच नाही," मेव्हणा म्हणाला. "आणि वायफायपण लागत नाही, म्हणून मोबाइल केबलने जोडलाय. माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी म्हटलं, बघतो. केबलच्या नेटवरून त्याच्या मशीनमध्ये शिरलो आणि पीसीआय उपकरणांची यादी काढली. कार्ड नाही. पुन्हा काढली. तरी नाही. अर्धा तास मी ड्रायव्हर, कर्नल, बायॉस असं काय काय उकरत बसलो. मग ट्यूब पेटली. ही कार्डं बसतात मिनी पीसीआय एक्स्प्रेस किंवा एम.२ च्या खाचेत, पण त्यातली बहुतेक बोलतात यूएसबीवरून. खाचेतल्या काही पिना यूएसबीच्याच असतात. घर एका गल्लीत आणि दार दुसऱ्या गल्लीत, असा प्रकार. यूएसबीच्या यादीत कार्ड गुपचूप बसलेलं होतं.

पुढची पायरी आरएफकिल. लिनक्समध्ये ही कमांड दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगते. एक 'सॉफ्ट ब्लॉक', म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलंय. दुसरी 'हार्ड ब्लॉक', म्हणजे खरंखुरं बटण बंद आहे. इथे हार्ड ब्लॉक 'होय'. अशा दणकट लॅपटॉपना बऱ्याचदा बाजूला रेडिओ बंद करायचं सरकतं बटण असतं, कारण ते विमानात जातात, जिथे रेडिओ चालू ठेवून चालत नाही अशा कारखान्यांत जातात. मेव्हण्याला म्हटलं, कडेला बघ. तो म्हणाला, "हे होय? मला वाटलं काहीतरी डिझाइन आहे." बॅगेतून काढताना सरकलं होतं. सरकवल्याबरोबर वायफाय आलं.

म्हणजे बघा, त्याने दुसऱ्याच वाक्यात "वायफायपण लागत नाही" असं सांगितलं होतं. रोगाचं नाव रोग्यानेच सांगितलं, आणि डॉक्टर अर्धा तास एक्सरे बघत बसले. असो.

वायफाय आलं, पण सिमचं नेट नाही. कार्ड दिसतंय, सिम दिसतंय, आणि 'चालू हो' म्हटलं की कार्ड पुन्हा कमी पॉवरच्या अवस्थेत जाऊन बसतंय. एररमध्ये कारण नाही. हे दुखणं मला तासाभराने सापडलं, आणि ते ऐकून मेव्हणा जो हसला! या कुलपाला 'एफसीसी लॉक' म्हणतात. एफसीसी म्हणजे अमेरिकेचं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, तिथे रेडिओ उपकरणांना मान्यता देणारी संस्था. तिथे लॅपटॉप, त्यातलं कार्ड आणि अँटेना या सगळ्याचा मिळून विचार होतो. म्हणून लॅपटॉप कंपन्या कार्डाला सांगून ठेवतात की यजमान मशीनने ठराविक निरोप पाठवल्याशिवाय रेडिओ चालू करायचा नाही. विंडोजमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर हा निरोप गुपचूप पाठवतं, त्यामुळे असं कुलूप आहे हेच कुणाला कळत नाही. लिनक्समध्ये हे काम मोडेममॅनेजर करायचा. पण १.१८.४ या आवृत्तीपासून त्याने आपणहून कुलूप उघडणं थांबवलं. उघडायच्या स्क्रिप्ट सोबत येतात, पण त्या वापरायच्या की नाही हे वापरणाऱ्याने ठरवून, एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये जोडून घ्यायचं.

"म्हणजे धडगावात माझं नेट अमेरिकेच्या सरकारने अडवलंय?" मेव्हणा म्हणाला. अगदी तसं नाही, पण साधारण तसंच :-)

हा नियम वेडगळ आहे असं माझं म्हणणं नाही. रेडिओ किती ताकदीने ओरडतो, तो माणसाच्या अंगापासून किती लांब आहे, शेजारच्या यंत्रणांना त्याचा त्रास होतो का, हे कुणीतरी बघायलाच हवं. माझी तक्रार वेगळी आहे, तिच्याकडे येतोच.

स्क्रिप्ट जोडली, कार्ड जागं झालं. मग एपीएनचं नाव घातलं, ते सिम कंपनीचं असतं तसं लिहायचं. रात्री साडेबाराला लॉजच्या खोलीत सिमवरून पहिलं पान उघडलं. मेव्हणा खूश, मी तर विचारूच नका.

शनिवारी अकराला साइटवरून फोन. "दाजी, नेट नाही." मोबाइलमध्ये त्याच कंपनीचं सिम, त्याच्यावर दोन काड्या, लॅपटॉप ढिम्म. आता मला आत शिरता येईना, म्हणून त्यालाच फोनवर एकेक अक्षर सांगून टर्मिनल उघडायला लावलं आणि मोडेमला थेट हुकूम द्यायला लावले. हे हुकूम 'एटी'ने सुरू होतात, एटी म्हणजे अटेन्शन, सावधान! १९८१ साली हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमबरोबर आलेली ही भाषा. टेलिफोनच्या तारा गेल्या, मोडेमची किरकिर गेली, पण ४जी कार्डाच्या पोटात ती भाषा अजून आहे. मी सीएसक्यू विचारायला सांगितलं, म्हणजे सिग्नल किती ते.

"दाजी, नव्व्याण्णव! फुल आहे की!"

मंडळी, इथे मी हसलो आणि नंतर मला फार वाईट वाटलं. कारण सीएसक्यूचे मार्क शून्यापासून ३१ पर्यंतच असतात. ३१ म्हणजे उणे ५१ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल, शून्य म्हणजे उणे ११३ किंवा त्याहून वाईट. आणि ९९ म्हणजे 'माहीत नाही, काही कळत नाही'. कुणा इंजिनिअरने कधीतरी ठरवलं की अज्ञानाला ९९ आकडा द्यायचा, आणि त्या डोंगरावर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला वाटलं आपण जवळजवळ शंभरपैकी शंभरावर आहोत.

कारण होतं बँड. ४जी ही एकच गोष्ट नाही. आपल्याकडे ते ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५०० अशा वेगवेगळ्या मेगाहर्ट्झवर चालतं, कंपनीप्रमाणे आणि जागेप्रमाणे. जिओचंच घ्या: बँड ३, ५ आणि ४०, म्हणजे १८००, ८५० आणि २३००. अमेरिकेत वेगळे पट्टे, आणि कार्डं बाजारपेठ बघून बनतात. सिएरा वायरलेसची ईएम७४५५ आणि ईएम७४३० ही दोन कार्डं शेजारी ठेवली तर जुळे भाऊ वाटतील, पण बँड ४० पहिल्यात नाही, दुसऱ्यात आहे, कारण दुसरं आशियासाठी बनलं. मेव्हण्याच्या कार्डाला १८०० कळत होता, म्हणून गावात नेट मिळालं. डोंगरावरचा टॉवर ९००वर बोलत होता, आणि कार्डाच्या ४जीला तो पट्टा ठाऊकच नव्हता. मग जीपवाल्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहिलं. तिथे ८५० होता, तो या कार्डाला येत होता. सीएसक्यू ११. अकरा मार्कांवर त्या दिवशीची फाइल गेली.

तर आता तक्रार. या लॅपटॉपांची जाहिरात 'मिल-स्टँडर्ड ८१०' या नावावर होते. तो अमेरिकी सैन्याच्या चाचण्यांचा मापदंड आहे. त्यातल्या पडण्याच्या चाचणीत मशीन २६ वेळा आपटतात, बऱ्याचदा चार फुटांवरून. २६ का, तर ठोकळ्याच्या सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे, प्रत्येकावर एकदा. किती मनापासून केलेला विचार आहे हा! धूळ किती आत जाते, पाण्याचा फवारा सोसतो का, यालाही आकडे आहेत. आयपी६५ मधला सहा धुळीचा, पाच पाण्याचा.

पण 'नेट का नाही' हे त्या मशीनसमोर बसलेल्या माणसाला कळतं का, याची चाचणी कुणी घेत नाही. त्या दोन दिवसांत मशीनमधलं काहीही तुटलं नव्हतं, जळलं नव्हतं. चार ठिकाणी चार जणांनी नकार दिला होता: बटणाने, कुलपाने, एपीएनच्या रिकाम्या रकान्याने आणि बँडने. प्रत्येक नकाराला आपापलं कारण होतं. पण स्क्रीनवर चारही वेळा एकच दिसलं, 'नेटवर्क नाही'. आणि हे असं दिसलं की माणूस काय म्हणतो? "माझंच काहीतरी चुकलं असेल." माझा मेव्हणा डोंगरात सेंटिमीटरचा हिशोब ठेवतो, चुकलं तर पुन्हा मोजतो. त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं माझं. सिम घालून न बघता लॅपटॉप हातात दिला तो मी.

नाही म्हणायला हरकत नाही. पण नाही कोण म्हणतंय, का म्हणतंय आणि त्याचं 'हो' करायला कुणी काय करायचं, हे तीन शब्दांत सांगा ना. 'कडेचं बटण बंद आहे.' झाले की चार. आतल्या आरएफकिलला हे माहीत होतं. माहिती मशीनमध्ये होती, ती माणसापर्यंत आणायचा कंटाळा आपल्या धंद्याने केला.

आपल्या म्हणतोय, कारण सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी आमच्याच ॲपचा कोड उघडला. लॉगिन न होण्याची सात कारणं आम्ही आत ओळखतो. इंटरनेट नाही, आमचा सर्व्हर बंद, मोबाइलचं घड्याळ चुकलेलं, खातं गोठवलेलं वगैरे. बाहेर सातांना मिळून एकच वाक्य: 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.' २०१९ साली मीच लिहिलंय ते. तेव्हा वाटलं होतं किती सौम्य, किती छान! पासवर्ड चुकला की खातंच नाही, हे वेगळं सांगू नये, त्यात चोराचा फायदा आहे, ते मला मान्य आहे. पण 'आमचा सर्व्हर बंद आहे' यात कसली आलीय सुरक्षा? ती निव्वळ आमची लाज. ती झाकायला आम्ही समोरच्याला पुन्हा पुन्हा पासवर्ड टाइप करायला लावतो.

सातांपैकी चार वाक्यं आत्तापर्यंत बदलून झाली. तीन मीटिंगमध्ये अडकली आहेत. "युजर घाबरेल" असं म्हणतात. घाबरत नाही हो युजर. कारण न कळल्याने घाबरतो.

मेव्हणा मेमध्ये येऊन गेला. लॅपटॉप उघडला तर झाकणाच्या आत कागद चिकटवलेला, वर पारदर्शक टेप.

१. कडेचं बटण बघणे.
२. अमेरिकेचं कुलूप उघडलं का बघणे.
३. एपीएन.
४. सिम बदलून बघणे. ९९ म्हणजे शून्य!!
५. दाजींना फोन. आधी जेवण विचारणे.