आधी पाहणी, मग नोटीस : लष्कर भागातील वाड्यांच्या भाडेकरूंचे मागणीपत्र

प्रति,
मा. महापौर व मा. आयुक्त, नगर निगम, ग्वाल्हेर



1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेला स्थिरावली आणि तिचेच लष्कर शहर झाले. चिटणीस की गोठ, फालके का बाजार ही नावे आजही पत्त्यावर लिहिली जातात. त्या काळच्या वाड्यांत आता आम्ही राहतो : शिंपी, दुकानांतले नोकर, निवृत्त कारकून, एकट्या राहणाऱ्या बायका. मराठी आहोत, तसेच इतरही. भाडे झेपते म्हणून राहतो आणि पोट इथेच भरते म्हणूनही.

वाडे जर्जर झालेत हे आम्ही नाकारत नाही. तुळयांना टेकू आम्हीच लावलेत. पण निगमाने नोटीस देऊन वाडा पाडण्याआधी त्यात कोण राहते, कशावर जगते, हे कागदावर आले पाहिजे.

एका वाड्यात मागच्या खोलीत एक ताई विद्यार्थ्यांचे डबे करतात. पहाटे चौकातल्या नळाला पाणी आले की शेजारीण त्यांचे हंडे भरते, धाकटी मुलगी ओसरीवरच्या आजोबांजवळ थांबते, आणि डबे पायीच पोचतात. शहराबाहेर पक्का फ्लॅट मिळाला तर शेजारीण, आजोबा, गिऱ्हाइके सगळे इथेच राहतील. डब्यातून सुटणारे पैसे टेम्पोच्या भाड्यात जातील. अशा घराला स्वस्त कसे म्हणायचे?

म्हणून सर्वांत मोठी मागणी ही, की लष्करातल्या प्रत्येक जुन्या वाड्याची कुटुंबवार पाहणी करावी. भाडे, कमाई, कामाची जागा, पाणी, संडास आणि अडीअडचणीला धावणारे शेजारी, सगळे नोंदवावे. माधव इन्स्टिट्यूटच्या वास्तुकला विभागाची व जिवाजी विद्यापीठाची मदत घ्यावी. मात्र प्रश्न ठरवताना रहिवासी बरोबर असावेत आणि निष्कर्ष वाड्याच्या चौकात वाचून दाखवावेत. आपल्याच राज्यातल्या इंदूरचा अहवाल नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये दिला, तेव्हाही सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोधच होता. युनेस्कोच्या ऐतिहासिक नगरभूदृश्य प्रकल्पात 2020 मध्ये ग्वाल्हेरची निवड झाली. त्या कामात कमानी आणि दगडी जाळ्या मोजताना त्यांच्या आड राहणारी माणसेही मोजावीत.

प्रधानमंत्री आवास योजनेतून घर बांधायला अडीच लाख मिळतात, पण जागा नावावर लागते. आमच्याकडे भाड्याच्या पावत्याच आहेत. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांची सोय आहे. ती लष्करातल्याच मोकळ्या सरकारी जागांवर करावी.

मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम 1961 प्रमाणे पुनर्बांधणीसाठी जागा रिकामी करवताना भाडेकरूला परत यायचे आहे का, हे न्यायालय विचारते. निगमाच्या नोटिशीने वाडा उतरवला, तरी हा हक्क बुडता कामा नये. नोटिशीवरच प्रत्येक भाडेकरूचे नाव व खोलीचे माप लिहावे, आणि नव्या इमारतीचा नकाशा मंजूर करताना तीच यादी बंधनकारक करावी.

येत्या पावसाळ्याआधी आयुक्तांनी वाड्यांत येऊन बैठक घ्यावी. पाहणीच्या कामाला प्रत्येक वाड्यातून दोन माणसे द्यायला आम्ही तयार आहोत. त्यांची यादी सोबत जोडली आहे.