कॅन्सर टाळता येतो हे आपल्या गावांनी जगाला दाखवलं, आपल्या बायका मात्र अजून तपासणीविना

धाराशिव : गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने आपल्या देशात दरवर्षी सुमारे ८० हजार बायका दगावतात. नव्याने सापडणाऱ्या रुग्णांचा आकडा सव्वा लाखाच्या वर आहे. खरं तर वेळेत तपासलं तर हा कॅन्सर होण्याआधीच थांबवता येतो. याचा जगभर मानला गेलेला एक मोठा पुरावा आपल्याच जिल्ह्यातल्या गावांतून गेलेला आहे. किती जणांना हे माहीत आहे?

काय झालं होतं?

१९९९ साली बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट करून त्यांची चार भागांत वाटणी झाली. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून केलेली तपासणी. चौथ्या भागातल्या बायकांना फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली.

आठ वर्षं पाठपुरावा झाला आणि २००९ मध्ये निकाल आला. चौथ्या भागात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या. एचपीव्ही तपासणी झालेल्या भागात बायका थोड्या जास्तच होत्या, तरी मृत्यू ३४. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, यावर पुढे बरीच टीका झाली. ती टीका बाजूला सारण्यासारखी नाही. पण एक गोष्ट उरतेच. जगाने जे शिकून घेतलं, त्याची किंमत आपल्या गावच्या बायकांनी मोजली. त्याच गावांत आज तपासणी घरोघर पोहोचली नसेल, तर हे देणं अजून फिटलेलं नाही.

तपासणी एवढी कामाची का?

हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. संबंधातून पसरणारा हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी लागतोच, त्यामुळे यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. काहींच्या राहतो आणि कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढा मोठा काळ हातात असतो, पण या काळात दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच "मला काय झालंय, कशाला तपासू?" हे वाक्य सगळ्यात महागात पडतं.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील बायकांची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी करायची असते. गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का ते बघतात. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक वेळा तो भाग तिथल्या तिथे गोठवून किंवा शेकून काढता येतो.

मात्र आपल्या जिल्ह्यातल्या अभ्यासात एकदाच केलेल्या व्हिनेगर तपासणीने मृत्यू ठळकपणे कमी झाले नव्हते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तीच तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. अर्थ सरळ आहे. व्हिनेगरची तपासणी एकदा शिबिर घेऊन, फोटो काढून संपत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

अडतं कुठे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. उपकेंद्रात आडोसा नसतो, बाई तपासायला असेलच असं नाही. तपासणीत काही निघालं तर तालुक्याला जा, मग जिल्ह्याला जा. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. दुसऱ्या फेरीलाच बाई गळते.

यावर उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून आधी एचपीव्ही तपासणीच करा असं सांगते. तिचा नमुना बाई पडद्याआड स्वतःच घेऊ शकते, लाजायचं कारण राहत नाही. ज्या जिल्ह्यातून हा पुरावा गेला, तिथल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय मागणं हा आपला हक्क आहे. ग्रामसभेत हा विषय घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

पिशवी काढणं हा उपाय नाही

अंगावरून पांढरं जातंय म्हटलं की "कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका" असं सांगणारे कमी नाहीत. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या सरकारी पाहणीत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली आढळली. आधी तपासणी, मग दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला, आणि ऑपरेशनचं त्यानंतर बघू, हा क्रम धरा.

लस लेकीसाठी, तपासणी आईसाठी

९ ते १४ वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस देता येते. बार्शीसह देशातल्या काही केंद्रांवरच्या अभ्यासात एका डोसनेही चांगलं संरक्षण मिळतं असं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही एक डोस चालेल असं मान्य केलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही देशी लसही आली आहे. शाळेत किंवा दवाखान्यात लसीची चौकशी करा. पण लेकीला लस दिली म्हणजे आईचं काम झालं, असं नाही.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काहीही असेल तर शिबिराची वाट न बघता दवाखाना गाठा. काहीच त्रास नसेल आणि वय तिशीच्या पुढे असेल, तर आशाताईंना विचारा : "आपल्याकडे तपासणी कोणत्या दिवशी असते?" घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी गाडी काढावी. शेतातलं काम एक दिवस थांबतं.