विकतची पर्णकुटी

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत एक नवी टूम निघाली आहे. दिवाळीची सुटी आली, की पूर्वी मंडळी आजोळी जात, कुलदैवताला जात, फार तर माथेरान-महाबळेश्वर गाठीत. हल्ली ती कोठल्या तरी धरणाच्या काठी अगर रानाच्या कडेला बांधलेल्या रिसॉर्टात जातात, लाकडी खोपटात किंवा कापडी तंबूत दोन रात्री काढतात, आणि परतल्यावर आपण निसर्गाच्या सान्निध्यात राहून आलो असे चारचौघांत सांगतात. भंडारदरा, पवना, मुळशी, वैतरणा आणि आमच्या नाशिकजवळचे गंगापूर, यांपैकी कोणत्याही जलाशयाच्या काठाने फेरी मारली तर या वस्तीची वाढ नजरेत भरल्यावाचून राहात नाही. शहरात शिणलेल्या माणसाने हवापालट करू नये, असे आमचे बिलकूल म्हणणे नाही. आमचे भांडण आहे ते तेथे साधेपणा या नावाने जो माल विकला जातो त्याच्याशी, आणि तो विकता यावा म्हणून जे दृष्टीआड केले जाते त्याच्याशी.

प्रथम नावाचाच विचार करू. या खोल्यांना त्यांचे मालक ‘पर्णकुटी’, ‘आश्रम’, ‘तपोवन’ अशी नावे मोठ्या हौसेने देतात. ज्या क्षेत्रात पंचवटी आहे, तेथे राहणाऱ्या माणसास हा शब्द इतक्या स्वस्तात गेलेला पाहवत नाही. रामायणातील पर्णकुटी लक्ष्मणाने स्वतःच्या हाताने बांधली, आणि तीत राहणारे राज्य मागे टाकून आले होते. पश्चिमेकडचे उदाहरण हवे असेल तर थोरोचे घ्यावे. सन १८४५ मध्ये तो वॉल्डनच्या तळ्याकाठी राहावयास गेला, तेव्हा त्याने आपले खोपटे स्वतः उभारले आणि त्यास लागलेल्या अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट खर्चाचा हिशेब पुढे आपल्या ग्रंथात पैनपै छापला. तो तेथे दोन वर्षे दोन महिने राहिला. माणसाला जगावयास किती थोडे पुरते, हे त्यास अजमावून पाहावयाचे होते. आमच्या विकतच्या पर्णकुटीत नेमका उलटा प्रयोग चालतो. रानात जाऊनही शहरातील एकही सोय सुटू नये, आणि तरीही सारे काही सोडून आल्याचे समाधान मिळावे, अशी तिची रचना असते. त्यागाचा पोशाख भाड्याने मिळतो, त्यातला हा प्रकार आहे.

दुसरा शब्द ‘अतिथी’. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथील अतिथीची तिथी दोन महिने आधी ठरते, पैसे आगाऊ भरावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या ठोक्याला खोली रिकामी करावी लागते. गिऱ्हाईक होण्यात कमीपणा काहीच नाही. बाजार हा प्रामाणिक व्यवहार आहे. परंतु गिऱ्हाइकास पाहुणा म्हटले, की त्याची तक्रार करण्याची जीभ आखडते, आणि यजमानाचे वेतन घेणाऱ्या नोकरास घरच्या माणसासारखे हसावे लागते. दोघांचीही यात फसवणूक होते.

गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांच्या आग्रहावरून अशा एका ठिकाणी राहण्याचा योग आम्हांस आला. ठिकाणाचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याच्यासारखी पुष्कळ आहेत. कुटी म्हणून जी दाखविली तिच्या भिंती सिमेंटच्या होत्या व त्यांवर बांबूचा रंग काढलेला होता. छपराला वरून गवत आणि आतून वातानुकूलनाचे यंत्र होते. ‘चुलीवरचे गावरान जेवण’ म्हणून ज्याची जाहिरात होती ते मागील दाराच्या शेगडीवर, गॅसच्या टाकीवर शिजत होते. पुढच्या ओट्यावर मांडलेली चूल तसबिरी काढणाऱ्यांसाठी होती. रात्री शेकोटी पेटली, आणि तिच्याबरोबर कर्णेही सुरू झाले. दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नयेत असा नियम सन २००० पासून सबंध देशाला लागू आहे. तो त्या तळ्याच्या काठी कोणाच्या कानावर आलेला दिसला नाही. रात्रीच्या एक वाजेपर्यंत आमच्याच वर्गातील, आमच्यासारखीच पुस्तके वाचणारी मंडळी शांततेच्या शोधात नाचत होती.

फाटकाशी धोतर-फेटा नेसवून एका वृद्ध गृहस्थास बसविले होते. येणाऱ्या प्रत्येकास ‘राम राम’ म्हणणे हे त्यांचे काम. सकाळी गर्दी नव्हती तेव्हा आम्ही त्यांच्याजवळ बसलो.

“बाबा, तुमचं गाव कोणतं?”

त्यांनी पाण्याकडे बोट केले. “तिथं हाय, गुरुजी, पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी आटलं का आमच्या विहिरीचा कठडा दिसतो.”

“मग आता गुरंढोरं?”

“दोन हायेत. पन इथून पाण्यावर नेता येत नाही. तार घातली ना मालकानं. लांबून वळसा घालून न्यावं लागतं.”

ते हे रागाने बोलले नाहीत. आणि तेवढ्यात एक मोटार आली, म्हणून उठून ‘राम राम’ म्हणावयास गेले. या चार वाक्यांत प्रस्तुत विषयाचे मर्म आले आहे असे आम्हांस वाटते.

आपल्या प्रांतातील ही बहुतेक तळी निसर्गाने निर्माण केलेली नाहीत, ही गोष्ट ‘निसर्गाच्या सान्निध्या’ची भाषा बोलणाऱ्यांच्या ध्यानातच नसते. ती धरणे आहेत. भंडारदऱ्याचे धरण सन १९१० ते १९२६ या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधले गेले. गंगापूरचे मातीचे धरण सन १९६५ मध्ये पुरे झाले, आणि नाशिक शहर आज त्याचेच पाणी पिते. प्रत्येक धरणाखाली कोणाची तरी शेते, घरे, देवळे, मसणवटे गेले, आणि ते सार्वजनिक हिताचे नाव सांगून घेतले गेले. मुळशीचा इतिहास तर प्रत्येक मराठी माणसास ठाऊक असावयास हवा. मुंबईला वीज पुरविण्याकरिता टाटा कंपनीने जे धरण योजिले, त्याविरुद्ध तेथील मावळ्यांनी सन १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. सन १९२४ पर्यंत तो धुगधुगला आणि अखेर हरला. जमिनी गेल्या, धरण झाले. त्या जलाशयाच्या काठी आज जो तो ‘मनःशांती’ विकावयास बसला आहे.

पवनेची गोष्ट तर कालपरवाची आहे. धरण सन १९७२ मध्ये पुरे झाले. त्यात जमिनी गेलेली कुटुंबे पर्यायी जमिनीसाठी कित्येक दशके अर्जविनंत्या करीत राहिली. त्याच धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. आज शनिवारी रात्री त्या काठावर ओळीने तंबू लागतात. तंबूत झोपणाऱ्यास हा इतिहास कोणी सांगत नाही आणि तो विचारीतही नाही. जी जमीन सार्वजनिक कामाचे नाव सांगून कुणब्याकडून घेतली, तिच्या कडेचे सौंदर्य खासगी तारेच्या आत जावे, आणि मूळ मालकाने त्याच तारेपाशी फेटा बांधून उभे राहावे, याला सार्वजनिक हित म्हणावयाचे असेल तर त्या शब्दाचा कोश पुन्हा लिहावा लागेल.

आम्ही हे एकलहऱ्यास बसून लिहीत आहो, म्हणून आणखी एक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. येथील औष्णिक वीजकेंद्र सन १९७० च्या सुमारास सुरू झाले, आणि १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच त्यात वाढले. कोळसा आगगाडीने येतो, पाणी गोदावरीचे लागते, वीज तारांवरून दूर जाते, आणि राख मात्र येथेच राहते. गंगापूरच्या काठी गवती छपराखाली जे थंड हवेचे यंत्र रात्रभर घरघरते, त्याची वीज अशाच कोठल्या तरी एकलहऱ्याहून गेलेली असते. तेथील पाहुण्याने ‘किती शुद्ध हवा!’ म्हणून श्वास घ्यावा, आणि त्या शुद्ध हवेच्या गारव्याकरिता दुसऱ्या गावाच्या पिकावर राख बसावी, हा हिशेब कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो. थोरोने आपला हिशेब छापला होता. आम्ही त्याच्या खोपटाची नक्कल केली आणि हिशेबाचे पान फाडून टाकले.

माणसांखेरीज इतर जिवांचेही या हौसेपायी काय होते ते पाहावे. भंडारदऱ्याच्या परिसरात मृगापूर्वीच्या पंधरवड्यात हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर काजवे चमकू लागतात. हे चमकणे म्हणजे नराने मादीला घातलेली साद होय; त्याच थोड्या दिवसांत त्यांची पुढील पिढी ठरते. तेथे हल्ली काजव्यांचा महोत्सव भरतो. मोटारींचे प्रखर दिवे, हातातील विजेऱ्या आणि झाडाखाली तुडविलेली माती यांत ती साद बुडून जाते. काळोख पाहावयास आलेली माणसे काळोख संपवून जातात. वनखात्यास प्रवेशाच्या वेळा बांधून द्याव्या लागल्या, यातच आपल्या रसिकतेची परीक्षा झाली.

या लेखावर तीन आक्षेप येतील. पहिला असा, की या धंद्यामुळे खेड्यातील लोकांस काम मिळते. मिळते, हे खरेच, पण कोणते? झाडण्याचे, वाढण्याचे आणि राम राम म्हणण्याचे. आमच्याच जिल्ह्यात नांदूर-मधमेश्वरला गोदा-कादवेच्या संगमावरील जुन्या बंधाऱ्यामागे पाखरांची वसती आहे. सन १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर करारात नोंदलेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ स्थळ ठरले. तेथे आसपासच्या गावांतील तरुण दुर्बीण घेऊन पाहुण्यास पक्षी दाखवितात, त्यांची नावे सांगतात, आवाज केल्यास दटावितातही. ज्यास दटावण्याचा अधिकार आहे तो यजमान. ज्यास केवळ हसण्याचा हुकूम आहे तो नोकर. रोजगाराच्या गोष्टी बोलणाऱ्यांनी हा भेद विसरू नये.

दुसरा आक्षेप असा, की शहरातील माणसास विश्रांती नको काय? हवी, आणि ती मिळत नाही म्हणूनच तर आम्ही लिहीत आहो. जो गोंगाट, जी गर्दी, जे खाणे आणि जो हातातील दूरध्वनी शहरात होता, तोच रानात नेल्यास विश्रांती होते कशी? तेथून परतणारी मंडळी सोमवारी कामावर येतात तेव्हा शुक्रवारपेक्षा अधिक दमलेली असतात, हे त्यांच्याच तोंडून आम्ही ऐकतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कोणी म्हणेल, की हा विद्वानांचा सोवळेपणा आहे. आपण पाहिलेले तळे इतरांनी पाहू नये असे यांस वाटते. याचे उत्तर देताना वर्ड्स्वर्थची आठवण होते. सरोवरांच्या मुलखाची वाटाडी त्याने स्वतः सन १८१० मध्ये लिहिली, आणि सन १८४४ मध्ये त्याच मुलखात आगगाडी येऊ लागली तेव्हा, गिरण्यांच्या गावचे मजूर थव्याने येऊन शांतता बिघडवतील म्हणून वृत्तपत्रात पत्रे लिहून विरोध केला. त्या वादात महाकवीची बाजू दुबळी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. सौंदर्यावर सुसंस्कृतांची मालकी नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो, की तळ्याचा काठ सर्वांस मोकळा असावा. आज तो मोकळा नाही. पैसे मोजणाऱ्यासच आहे. कुंपण आम्ही मागत नसून रिसॉर्टवाले घालीत आहेत. अमेरिकेत वॉल्डनचे तळे सरकारी ताब्यात आहे. कोणीही तेथे जावे, पण आवार भरले की फाटक काही काळ बंद होते. संख्येला मर्यादा घालावी आणि ती श्रीमंत-गरिबांस सारखी असावी, हा मार्ग सोवळेपणाचा नव्हे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. धरणाच्या पाण्यापर्यंत माणसाला व गुराला जाता येईल अशी वाट प्रत्येक काठावर राखून ठेवलीच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात कोणत्याही मुक्कामाच्या जागेचे सांडपाणी उतरता कामा नये. दहानंतर कर्णे बंद, हा असलेला नियम पाळला गेला पाहिजे. आणि त्या काठी धंदा करावयाचाच असेल, तर ज्यांची जमीन त्या पाण्याखाली गेली त्यांचा त्यावर पहिला हक्क असला पाहिजे, चाकर म्हणून नव्हे तर मालक म्हणून.

हे सर्व सरकारवर ढकलून आपली सुटका होणार नाही. हा धंदा आपल्या वर्गाच्या पैशावर उभा आहे, आणि आपल्या प्रश्नांनी तो सुधारूही शकतो. पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने तीनच गोष्टी विचाराव्यात: ही जमीन पूर्वी कोणाची होती, येथील घाण पाणी कोठे जाते, आणि रात्री दहानंतर येथे काय ऐकू येते. तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली तर खुशाल जावे, मुलांस न्यावे, त्यांस पक्ष्यांची आणि बुडालेल्या गावांची नावे शिकवावीत. ती न मिळाली तर घरीच राहावे. आपल्या घराच्या गच्चीवरूनही चांदणे दिसते, आणि त्याचे भाडे कोणाच्या विहिरीने भरलेले नसते.