साखरेचं दार उघडलं, पण बाजार उठल्यावर

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये 2025-26 च्या गाळप हंगामासाठी 15 लाख टन साखर निर्यात करायला परवानगी दिली. बातमी चांगली वाटते. पण जरा तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा.

2021-22 च्या हंगामात भारताने सुमारे 110 लाख टन साखर बाहेर पाठवली, हा विक्रम होता. इंडोनेशिया आणि बांगलादेश आपले मोठे गिऱ्हाईक होते. तो हंगाम संपायच्या आतच, 1 जून 2022 पासून, निर्यातीवर निर्बंध आले. पुढच्या वर्षी कोटा साधारण 60 लाख टनांवर आला आणि 2023-24 मध्ये दार बंदच झालं. आता गंमत अशी, की नोव्हेंबर 2023 मध्ये जगाच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव बारा वर्षांतला सर्वात वरचा होता. तेव्हा आपण विकत नव्हतो. नोव्हेंबर 2025 मध्ये परवानगी मिळाली तेव्हा तोच भाव पाच वर्षांच्या तळाजवळ आलेला. देशात जास्त भाव मिळत असताना कारखानदार बाहेर कशाला पाठवील?

सरकारची बाजू नाही असं नाही. 2023 ला महाराष्ट्र-कर्नाटकात पाऊस कमी झाला होता, पुढे लोकसभेची निवडणूक होती, आणि साखर महागली की घराघरात ओरड होते. रमजान-दिवाळीत तर जास्तच. रायगडात साखर कारखाना नाही. उसाचं कर्जत म्हणजे नगर जिल्ह्यातलं. आपलं कर्जत-खालापूर भाताचं. म्हणून आपण या विषयाकडे फक्त किराणा दुकानातून बघतो. पण पश्चिम महाराष्ट्रातली निर्यातीची साखर बोरघाट उतरून, खालापूरच्या टोलनाक्यावरूनच आपल्या जिल्ह्यातल्या जेएनपीटी बंदराकडे जाते.

आपल्याला स्वस्त मिळावी हे बरोबरच आहे. प्रश्न असा, की त्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते. उसाची एफआरपी 2018-19 ला क्विंटलला 275 रुपये होती, 2025-26 साठी 355 झाली. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी 2019 पासून किलोला 31 रुपयांवरच अडकला. बाजारात भाव याच्या वर असतो हे खरं, पण वाढलेल्या खर्चाला त्या दराचा आधार उरला नाही. शिवाय एफआरपीतून तोडणी-वाहतूक कापली जाते. ऊस घातल्यावर 14 दिवसांत पैसे द्यायचे, असा 1966 चा नियम आहे, तरी थकबाकीची बोंब दर हंगामात होतेच. बेळगाव जिल्ह्यातले शेतकरी याच भावासाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीला रस्त्यावर बसले, तेव्हा कर्नाटक सरकारला टनाला 3300 रुपयांवर तोडगा काढावा लागला. केंद्राचा निर्यातीचा निर्णय आला तो त्याच दिवसांत. म्हणजे दार बाजार बघून उघडलं की आंदोलन बघून, ते तुम्हीच ठरवा.

शेतकऱ्याच्याही खाली एक माणूस आहे, त्याचं नाव या हिशोबात येतच नाही. महाराष्ट्राचं उत्पादन 2023-24 ला 110 लाख टन होतं, पुढच्या हंगामात ते 81 लाख टनांच्या आसपास आलं. ऊस कमी, म्हणून कारखाने लवकर बंद. बीडकडच्या ऊसतोड मजुराने मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती टनावर फिटते. हंगाम आखडला की टन कमी, आणि उरलेली उचल पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. हे आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्याकडचे कातकरी वीटभट्टीवर असेच उचल घेऊन जातात. भात कापून झालं की घरं बंद होतात आणि शाळेच्या हजेरीपटावर एकेका नावापुढे गैरहजेरी लागायला लागते. तिकडे तोडणीचा दर जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढला, तोही कोयता बंदच्या इशाऱ्यानंतर, आणि फक्त तीन हंगामांसाठी. त्यातला शेवटचा हंगाम 2025-26 चा.